नाताळला घरी जायचं म्हणजे

सुरुवातीलाच कबूल करतो, हा लेख एका एक्सेल शीटमुळे सुचला.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमची नऊ जणांची टीम, क्लायंट अमेरिकेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे सगळे गायब असतात, ईमेलला 'मी सुट्टीवर आहे' एवढंच उत्तर येतं. पण सिस्टिम काही सुट्टीवर जात नाही, त्यामुळे इकडे कोणीतरी पाळीवर हवंच. टीम लीड म्हणून पाळीचं वेळापत्रक करायचं काम माझं. आठ जणांनी मला आधीच 'गोव्याला चाललोय', 'मनालीचं बुकिंग झालंय' वगैरे सांगून ठेवलं होतं. नववा काहीच बोलला नव्हता. मग काय, २४ आणि २५ डिसेंबरच्या चौकटीत मी त्याचं नाव टाकलं आणि शीट पाठवून दिली.

हा नववा मुलगा गोव्याचा. सासष्टीतला, ख्रिश्चन. गंमत बघा, गोव्याला फिरायला जाणारे सुटले आणि ज्याचं घर गोव्यात, तो अडकला!

तो दुपारी चहाला भेटला. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी आपली सारवासारव सुरू केली. "अरे, तुला काय, तासाभराची फ्लाइट. २६ला सकाळी सुटलास की जेवायला घरी. जवळच तर आहे."

तो चिडला नाही. चहा संपवत शांतपणे म्हणाला, "आमच्या शपायलापण सगळे असंच म्हणायचे. जवळच तर आहे म्हणून." (शपाय म्हणजे आजोबा. सासष्टीच्या ख्रिश्चन घरात आजोबांना शपाय आणि आजीला शमाय म्हणतात.) "मुंबईत होता तो. सात नाताळ घरी गेला नाही."

"सात? का?"

"तू गूगल कर ना. एकोणीसशे पंचावन्न."

एवढं बोलून तो जागेवर निघून गेला. मी वेंगुर्ल्याकडचा माणूस. गोव्याची हद्द आमच्या गावापासून एसटीने तासाभरावर. आणि मला हे माहीत नव्हतं. म्हणजे गोवामुक्ती, सत्याग्रह, १९ डिसेंबर हे सगळं शाळेत पाठ केलेलं होतं. पण त्या सहा-सात वर्षांत एखाद्या स्वयंपाक्याच्या नाताळचं काय झालं असेल, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मग दोन वीकेंड वाचनात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतोय.

आधी शब्दापासून

आपण मराठीत ख्रिसमसला नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज. 'नाताल' म्हणजे जन्माचा दिवस. पगार, चावी, पाव, बटाटा, काजू, लिलाव, घमेलं ही सगळी मंडळी त्याच बोटीतून आली. म्हणजे सण पाळत नसलो तरी सणाचं नाव आपण गोव्यामार्गेच घेतलंय. आणि यादीत 'पगार' आहे हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट पगाराचीच आहे.

१५१० साली अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, आणि १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षं, तिथे पोर्तुगीज राज्य राहिलं. सुरुवातीचा सोन्याचा धूर केव्हाच विरला. एकोणिसाव्या शतकात गोव्यात जमीन थोड्यांच्या हातात, कारखाने नाहीत, नोकऱ्या नाहीत. आणि उत्तरेला इंग्रजांची मुंबई फुगत चाललेली. तिथे साहेबाला खानसामा हवा, आया हवी, शिंपी हवा, कारकून हवा, बँड वाजवायला माणसं हवीत, बोटीवर खलाशी आणि भटारी हवेत. गोव्याच्या ख्रिश्चन माणसाला साहेबाचं खाणंपिणं रांधायला धर्माची आडकाठी नव्हती. शिवाय चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे गावातल्या गरीब पोरालाही कागदावरचं संगीत वाचता यायचं. ही दोन 'स्किल्स' घेऊन गोंयकार मुंबईला निघाला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या काळचं ऑनसाइट!

कूड

मुंबईत राहायचं कुठे? त्यावर गोंयकारांनी जो उपाय काढला, तो मला फार आवडला. त्याचं नाव कूड. कूड म्हणजे खोली. एकेका गावाने मुंबईत भाड्याने जागा घ्यायची, आणि त्या गावच्या कोणाही माणसाने नाममात्र वर्गणी देऊन तिथे उतरायचं. धोबीतलाव, सोनापूर, माझगाव, कावेल या भागांत अशा कुडी शेकड्यांनी झाल्या. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत तर एकाच छपराखाली अनेक गावं नांदत होती. आजही काही कुडी चालू आहेत.

आतली व्यवस्था अगदी साधी. भिंतीला लागून ओळीने ट्रंका, ज्याची त्याची ट्रंक हेच ज्याचं त्याचं घर. एका बाजूला गावच्या संताचा आल्तार, म्हणजे वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवरून उतरलेला तारवटी (खलाशी) पुढची बोट मिळेपर्यंत इथे राही, नोकरी शोधायला आलेला पोरगा इथे राही. पत्ता हाच, टपाल इथेच, गावची खबरबात इथेच. मराठी वाचकाला गिरगाव-लालबागच्या गाळ्यांमधले कोकणी चाकरमानी आठवतील. तसंच हे, फक्त भिंतीवर गणपतीच्या जागी सायबिणीची तसबीर.

या माणसांनी मुंबईत नुसती भांडी घासली नाहीत. कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं नाटक, हे गोव्याचं वैभव. पण पहिला तियात्र झाला मुंबईत, १७ एप्रिल १८९२ला. नाव 'इतालियन भुरगो'. पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोंयकार वादक आणि संयोजक भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त ते नाव देशभर पोचलं.

आता मूळ मुद्द्याकडे. या लोकांचा धंदा बघा. खानसामा, वादक, बोटीवरचा स्टुअर्ड. यांच्या कामाचा सर्वांत मोठा सीझन कुठला? नाताळ ते न्यू इयर. साहेबाच्या घरी नाताळची मेजवानी, क्लबात डान्स, हॉटेलात पार्टी. म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या घरी नाताळ, तेच दुसऱ्यांचा नाताळ साजरा करून द्यायला कामावर. केक हे करणार, वाजवणार हे, आणि गावी आई अंगणात उभी. माझी एक्सेल शीट मला इथे पहिल्यांदा टोचली.

बोट आणि गाडी

ज्यांना सुट्टी मिळायची ते जायचे कसे? दोन रस्ते होते.

पहिला बोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या किनाऱ्यावर आगबोटी धावत होत्या, पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव त्यांच्याशी जोडलं गेलं. वाटेत दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, आणि दुसऱ्या दिवशी पणजी. बहुतेक बंदरांत धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन माणसं उतरवून नेत. हलत्या शिडीवरून हलत्या पडावात उडी, कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक! माझी आजी याच बोटीने वेंगुर्ल्याला उतरायची. "दाभोळपासून जी बोट लागायची ती देवगडापर्यंत," असं ती सांगे. त्याच डेकवर, बाजूच्या चटईवर, पणजीला निघालेले गोंयकार बसलेले असणार. आपले लोक गणपती-शिमग्याला, ते लोक नाताळला. पावसाळ्यात मात्र बोटी बंद. डिसेंबरात समुद्र शांत, म्हणून नाताळच्या प्रवाशांचं नशीब त्या मानाने बरं.

दुसरा रस्ता रेल्वेचा. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८८०च्या दशकात झाला. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराची ही देणगी, भांडवल मुख्यतः इंग्रजी. मुंबईहून पुण्याला यायचं, तिथे छोट्या गाडीत बसायचं, मिरज-बेळगाव-लोंढा करत कॅसलरॉक गाठायचं. तिथे ब्रिटिश हद्दीची तपासणी. मग दूधसागरच्या धबधब्यासमोरून गाडी खाली उतरायची आणि कुळ्यात पोर्तुगीज कस्टम्सवाले पुन्हा ट्रंका उघडायला लावायचे. ट्रंकेत काय असणार? आईला कापड, धाकट्यांना बूट, साबण, बिस्किटांचे डबे. एकाच घरी जायला दोन देशांची कस्टम्स. तरी माणसं जायची. कारण ही हद्द कागदावर असली तरी दार उघडं होतं.

दार बंद

१९४७ला इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हापासून चळवळीला धार आली होती. पण लिस्बनमध्ये सालाझार बसलेला, त्याच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत. बोलणी फिसकटली. १९५४मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. १९५५मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या. पुणे हे या चळवळीचं मोठं केंद्र. नानासाहेब गोरे, सेनापती बापट असे नेते त्यात पुढे होते. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली.

त्यानंतर भारत सरकारने संबंध तोडले आणि नाकेबंदी कडक केली. हद्दीपारची रेल्वे थांबली. भारतीय बोटींचा पणजीचा टप्पा संपला. पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. ये-जा करायला परवाने लागू लागले.

सरकारची बाजू समजते. गोळीबारानंतर आणखी काय करणार होते? युद्ध नको होतं, म्हणून आर्थिक कोंडी. पण कोंडी सालाझारची होण्याआधी धोबीतलावच्या कुडीत झाली. मुंबईहून येणाऱ्या पैशावर गोव्यातली कितीतरी घरं चालत होती. आणि सालाझारने काय केलं? गोव्यात बाहेरून माल आणला, १९५५मध्येच दाबोळीला विमानतळ उभारला, स्वतःची विमानसेवा सुरू केली आणि कराचीशी दुवा जोडला. नाकेबंदीला त्याने वळसा घातला. स्वयंपाक्याला वळसा घालता येणार नव्हता.

टीममधल्या त्या मित्राकडून मग मी सगळी हकिगत नीट ऐकली. त्याचे शपाय १९५५ला चोवीस वर्षांचे. फोर्टमधल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला, मुक्काम गावच्या कुडीत. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास, म्हणजे हद्द बंद झाल्यावर महिन्याभरात, त्यांनी नाताळसाठी खरेदी केली. 'डिसेंबरपर्यंत सगळं निवळेल' असं कुडीत सगळेच म्हणत होते. सहा वर्षांच्या धाकट्या भावासाठी त्यांनी काळे बूट घेतले आणि ट्रंकेत ठेवले.

डिसेंबर आला, काही निवळलं नाही. जाणं अगदीच अशक्य नव्हतं. परवाना काढून, हद्दीवर चालत जाऊन काही जण जात होते. पण शपायना भीती वेगळीच. गेलो आणि परत येता आलं नाही तर? नोकरी गेली तर घर कशावर चालणार? तिकडचे पोलीस विचारणार, मुंबईत कोणाबरोबर उठतोस-बसतोस. इकडचे विचारणार, तिकडे कशाला गेला होतास. दोन्हीकडचा संशय एकट्या माणसाने कसा झेलायचा? मग ते गेलेच नाहीत. १९५६ला नाही, ५७ला नाही. दर नाताळला हॉटेलात पुडिंगं केली, रात्री कुडीत येऊन मंडळींबरोबर प्रार्थना म्हटली आणि झोपले.

गाव तीन-चारशे मैलांवर. लंडनला गेलेला माणूस घरी येऊ शकत होता, मुंबईतला नाही. 'जवळच तर आहे' या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

सहा दिवस आधी

१७ डिसेंबर १९६१च्या रात्री भारतीय सैन्य 'ऑपरेशन विजय'साठी निघालं. १८ला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. माघार घेताना पोर्तुगीजांनी बोरी, बाणस्तारी असे पूल उडवले. सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी तो मानला नाही आणि १९ला रात्री शरणागती पत्करली. उगाच हजारो जीव गेले असते ते वाचले. पोर्तुगालने पुढे त्यांना त्याबद्दल बडतर्फ केलं, ही गोष्ट वेगळी.

नाताळ सहा दिवसांवर होता.

त्या नाताळचा विचार करून बघा. पूल तुटलेले, रस्त्यावर लष्करी गाड्या, रेल्वे लगेच सुरू होण्याची शक्यता नाही. गोव्यात आनंद होता, आणि काही घरांत धास्तीही होती, कारण आता पुढे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी म्हणून छावण्यांत होते. तेही कोणाची तरी पोरंच. त्यांची सुटका मे १९६२मध्ये झाली. म्हणजे त्या वर्षी घरी न पोचलेल्यांची यादी दोन्ही बाजूंना लांब होती.

शपाय त्या नाताळलाही जाऊ शकले नाहीत. म्हणून सात. ते घरी गेले १९६२च्या डिसेंबरात. ट्रंकेत तेच काळे बूट. धाकटा भाऊ तेरा वर्षांचा, जवळजवळ त्यांच्या खांद्याला लागलेला. शपायनी बूट बाहेर काढले, भावाच्या पायाकडे पाहिलं आणि दोघं हसत सुटले म्हणे. मग आई रडायला लागली.

ते बूट कोणीच घातले नाहीत. आजही त्या घरात आल्ताराखालच्या कपाटात आहेत. दर नाताळला शमाय ते पुसून ठेवायची, आता मित्राची आई पुसते.

मग सगळं सोपं झालं?

हळूहळू झालं. १९६०च्या दशकात पणजीची बोट पुन्हा सुरू झाली. 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' ही नावं आपल्या आई-वडिलांच्या पिढीला आजही पाठ असतील. डेकवर रात्रभर गाणी, पत्ते, आणि पहाटे आग्वादचा किल्ला दिसला की सगळे कठड्याशी. ही सेवा १९८०च्या दशकाच्या शेवटी थांबली. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान आली, तीही गेली.

रेल्वेला मिरजेत गाडी बदलायची कटकट बरीच वर्षं होती. एसटी आणि खाजगी बसने जायचं तर मुंबई-गोवा हायवे, आणि त्याबद्दल मी काही बोलायला नको. १९८६च्या जुलैत पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, मग कित्येक नाताळ रात्रभराच्या प्रवासानंतर फेरीबोटीच्या रांगेत सुरू झाले.

खरा फरक पडला तो २६ जानेवारी १९९८ला, कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा. बॅरिस्टर नाथ पैंचं स्वप्न, मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा रेटा, ई. श्रीधरन यांचं काम. सुमारे साडेसातशे किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. यातला सर्वांत अवघड तुकडा नेमका गोव्याचा. मार्ग कुठून जावा यावरून तिथे मोठं आंदोलन झालं, खाजन जमिनी आणि जुनी गावं वाचवा म्हणून. १९९३मध्ये काम काही काळ थांबलं. नंतर पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. शेवटी मांडवी आणि कोकणकन्या थेट मडगावला जायला लागल्या. रात्री सीएसटीला बसा, सकाळी मडगावला उतरा. कस्टम्स नाही, परवाना नाही.

फक्त कन्फर्म तिकीट पाहिजे! आता रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं. २३ डिसेंबरचं तिकीट हवं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला लॉगिन करून बसायचं, आणि पाच मिनिटांत वेटिंग लिस्ट बघून हताश व्हायचं. कारण त्याच गाड्यांत आपली सगळी पर्यटक मंडळी असतात. विमानाची भाडी तर डिसेंबरात बघूच नयेत. दाबोळीच्या जोडीला २०२३च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळही चालू झालाय, पण गर्दीही त्या मानाने वाढलीय.

आणि घर सोडून गेलेले गोंयकार आता मुंबईपुरते राहिले नाहीत. कुवेत, दुबई, क्रूझ जहाजं. शिवाय पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे लिस्बन आणि इंग्लंडमधलं स्विंडन. ज्या राजवटीने एकेकाळी हद्दीवर अडवलं, तिच्याच कागदावर पणतू-नातू घर सोडून जातोय. २०२०मध्ये कोविड आला तेव्हा कितीतरी गोंयकार खलाशी जहाजांवर अडकून पडले होते, मुंबईचा किनारा दिसत असूनही उतरता येत नव्हतं. पंचावन्न सालच्या लोकांना ते चित्र ओळखीचं वाटलं असतं.

घरी असतं काय एवढं?

हे मी मित्राला विचारलं. त्याने सांगितलेली यादी अशी. आठवडाभर आधी तारा, म्हणजे कागदाची चांदणी, बांबूच्या कामट्यांवर करायची. गोठा करायचा, त्यासाठी आधीच नाचणी पेरून ठेवायची म्हणजे हिरवळ तयार होते. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ घेऊन दोदोल ढवळायचा, हात भरून येईस्तोवर. नेवऱ्यो करायच्या, म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुलं वळायला अख्खं घर बसतं. बिबिंकचा एकेक थर भाजला की मगच पुढचा थर ओतायचा, घाई चालत नाही. मग ताटं भरून शेजारीपाजारी पाठवायची, त्याला कोंसुआद म्हणतात. हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात. चवथीला तिकडून नेवऱ्यो आलेल्या असतात, त्यांची ही परतफेड. २४च्या मध्यरात्रीची मिस. तिचं पोर्तुगीज नाव 'मिसा दो गालो', कोंबड्याची मिस्सा. ती संपली की अंधारात घरी चालत यायचं, आणि कॉफी.

"एवढंच?" मी म्हटलं.

"तू गणपतीला पाच दिवस जातोस तेव्हा तिथे काय असतं?" त्याने विचारलं.

बरोबर होतं त्याचं. आरती, मोदक, चुलत भावंडं आणि न संपणारे पत्ते. एवढंच. आणि या एवढ्यासाठी मी आठ वर्षांत एकदाही रजेचा अर्ज करताना खुलासा दिलेला नाही. 'गणपती' एवढा एकच शब्द लिहितो आणि मॅनेजर सही करतो. त्या मुलाने रजा मागितली नव्हती, कारण मागच्या नोकरीत दोनदा मागून 'तुम्ही तर इथेच आहात ना, एक दिवसाची सुट्टी पुरे' असं ऐकलं होतं. तिसऱ्यांदा त्याने विचारणं सोडलं होतं. माणसं अशीच गप्प होतात. आणि शीट करणाऱ्याला वाटतं, चला, याला काही अडचण नाही.

मी शीट बदलली. २४ आणि २५ माझ्या नावावर घेतले. यात काही मोठेपणा नाही, माझी चूक होती ती दुरुस्त केली. पण तोवर उशीर झाला होता. रेल्वेचं वेटिंग शंभराच्या पुढे, तत्काळ हुकलं, विमान परवडेना. शेवटी तो २३च्या संध्याकाळी बसने गेला. हायवेवर अडकत, अठरा तासांनी पोचला. म्हणजे १९६२पेक्षा फार काही लवकर नाही!

२५च्या पहाटे दोन वाजता मला अलर्ट आला. सर्व्हरची डिस्क भरली होती. जुने लॉग पुसले, सिस्टिम पुन्हा उभी केली, आणि झोप उडाली म्हणून चहा केला. तेवढ्यात फोनवर एक फोटो आला. मिसवरून परतलेलं घर, टेबलावर कॉफीचे कप, आणि मधोमध, नुकतेच पुसलेले, लहान मुलाचे काळे बूट.

खाली एकच ओळ. "पोचलो."

असो. तुमच्यापैकी बरेच जण आता माझ्यासारखेच लीड-मॅनेजर झाले असाल. यंदाची शीट पाठवण्याआधी जो काहीच बोललेला नाही, त्याला एकदा विचारा. आणि ऑक्टोबरात विचारा, तिकीट मिळेल तेव्हा.